नकल

डबऱ्याच्या कोर्टात जुना खटला शोधायचा
तर आधी साल लागतं, मग क्रमांक, मग ठाणं.
माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं.
आईच्या तेराव्याला आत्या पानं मांडता मांडता बोलून गेली होती,
"तुझ्या बापाची सागरला बदली नव्हती गं,"
आणि मीठ वाढायला पुढे सरकली.

बाबा हरसीच्या कालव्यावर मोजणीदार.
मी चौथीत असताना गेले, आठवीत असताना आले.
येताना चिरोंजीची बर्फी आणली,
म्हणून सागर खरंच वाटलं मला.

नकल शाखेची खिडकी अकराला उघडते.
"फौजदारी?" बघेल बाबूंनी विचारलं.
हो म्हणायला मला इतका वेळ लागला
की त्यांनी शिक्क्याच्या डबीचं झाकण लावलं,
उघडलं, परत लावलं.

तीन मंगळवार मी श शोधला.
शर्मा, शिवहरे, शंभूदयाल,
चोऱ्या, मारामाऱ्या, एक म्हैस.
शेळके कुठेच नाही.
ग्वाल्हेरला परतताना बसमध्ये वाटायचं,
आत्याचं वय झालंय, चुकली असेल.
हे मला हवंसं वाटायचं.

चौथ्या मंगळवारी रामसिया शिपाई
चहाचा पेला माझ्या वहीवर ठेवत म्हणाला,
"श को यहाँ कौन पूछे है, जिज्जी. स में देखो."

स मध्ये होते.
शासन विरुद्ध निंबाजी सेलके.
सत्र प्रकरण एक्केचाळीस, सन बाहत्तर.
शिक्षेच्या आधीच कुणीतरी
बाबांची दोन अक्षरं जप्त केली होती.

कलम तीनशे चार, भाग दोन.
मृतक परमाल, वय एकोणीस.
त्याचं नाव आधी वाचायला हवं होतं.
मी बाबांचंच वाचत राहिले,
मग पुन्हा बाबांचंच.
एकोणीस.
माझा धाकटा एकोणिसाव्या वर्षी
गाडीची किल्ली विसरून घराबाहेर पडायचा.

गठ्ठा मागितला.
साक्षी, पाण्याच्या पाळीचा कागद, काठी:
सगळं नष्ट, एकोणनव्वद साली, यादीखाली सही.
"फैसला रहता है," बाबू म्हणाले. "फैसला नहीं जलाते."
पण तो वरच्या फळीवर, शिडी दुसऱ्या खात्यात,
तेव्हा अर्ज भरा, तिकीट लावा, पुढच्या आठवड्यात या.

क्रमांक जुळतो का बघायला
त्यांनी नकलांची जुनी वही काढली,
सत्याहत्तर सालची, कडा उंदरांनी वाचलेल्या.
बोट खाली खाली नेलं आणि थांबले.
"ये तो पहले भी निकली है."

आवेदक: कमला सेलके.
हे कारकुनाच्या हातचं.
शेवटच्या रकान्यात, नकल मिळाली तिथे, सही:
कमळा शेळके.
दोन ळ, आईचे, पोटात गाठ मारलेले,
किराण्याच्या यादीत गूळ लिहायची तसे.
बाबूंनी नख टेकवलं, "ये कौन सा अच्छर है?"
मी म्हटलं, आमच्यातला आहे.
अख्ख्या खोलीत तेवढेच दोन असावेत.

मधला रकाना, नकल कशासाठी.
लोक लिहितात अपील, जामीन, जमीन.
तिथे लिहिलं होतं:
बेटी पूछे तो.

म्हणजे ती घरी आणली होती.
बसमधून, याच रस्त्याने, पिशवीत,
बहुधा वांग्यांच्या खाली.
आणि त्यानंतर शेहेचाळीस वर्षं
कपाटात, डब्यात, गादीखाली, कुठेतरी
ती कागद सांभाळत बसली
आणि मी रोज विचारलं:
जेवायला काय आहे.

खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती.
माझ्या अर्जात तोच रकाना रिकामा.
"कुछ भी लिख दो," बाबू म्हणाले,
"खाली नहीं चलेगा."

मी लिहिलं, घरी होती, सापडत नाही.
बाबूंनी वाचलं, शिक्का मारला.
शिक्का किंचित तिरका पडला,
माझ्या सहीतल्या ळ वर.